उकळती रेघ

एखाद्या जाहिरातीत किंवा सिनेमाच्या सुरुवातीला तुम्ही हे नक्की पाहिलं असणार. पडद्यावर हाताने लिहिल्यासारखी अक्षरं येतात आणि आल्यावर गप्प उभी राहत नाहीत. जागच्या जागी थरथरत राहतात. वाचायला काही अडचण नाही, पण रेघ सतत किंचित हलतेय. लिहिणारा अजून तिथेच बसलाय आणि पुन्हा पुन्हा गिरवतोय, असं वाटतं.

ॲनिमेशनवाले याला 'बॉइल' म्हणतात. म्हणजे उकळी. नाव अगदी चपखल आहे. चहाचं आधण ठेवल्यावर भांडं हलत नाही, आतलं पाणी हलतं. तसंच अक्षर हलत नाही, अक्षराची रेघ हलते.

मी यात पडायचं कारण म्हणजे जामसर. जव्हार तालुक्यातलं गाव. माझा कॉलेजमधला एक मित्र तिथल्या शाळकरी मुलांना घेऊन मोबाइलवर एक छोटीशी फिल्म करतोय. राब भाजण्यापासून मळणीपर्यंत भाताचं वर्षभर काय काय होतं, एवढंच त्यात आहे. चित्रं मुलांची, आवाज मुलांचे. नाव 'भाताची गोष्ट'. मला फोन आला तो एवढ्याचसाठी की, "तू आयटीत आहेस ना, मग नाव जरा हलतं करून दे." (आयटीत असलं की प्रिंटर दुरुस्त करण्यापासून सिनेमाच्या टायटलपर्यंत सगळं येतं, असा एक समज आहे. असो.)

काम तसं अर्ध्या तासाचं. पण शनिवार मोकळा होता, म्हणून ही थरथर मुळात आली कुठून ते वाचायला बसलो आणि त्यात दोन वीकएंड गेले.

तर, ही उकळी मुळात एक दोष होता.

कारण अगदी साधं आहे. माणसाला एकच रेघ दोनदा मारता येत नाही. कागदावर कागद ठेवून, खाली दिवा लावून, कितीही काळजीपूर्वक गिरवा, केसभर फरक पडतोच. एक चित्र बघताना तो दिसत नाही. पण सेकंदाला दहा-बारा चित्रं डोळ्यासमोरून गेली की तोच फरक थरथर होऊन दिसतो.

१९०६ साली अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन या गृहस्थाने खडू-फळ्यावरच्या चेहऱ्यांची एक फिल्म केली. तिच्यात चेहरे हलायच्या आधी फिल्मचं नावच तुकड्यातुकड्यांनी पडद्यावर जमतं. म्हणजे हलत्या चित्रांच्या इतिहासात हलती अक्षरं पहिल्या पानापासून आहेत. मग १९०८ साली पॅरिसमध्ये एमिल कोलने 'फँटासमागोरी' केली. जेमतेम दोन मिनिटांची फिल्म, त्यासाठी सुमारे ७०० चित्रं. कोलने पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी चित्रं काढली आणि फिल्म उलटी, म्हणजे निगेटिव्ह छापली. त्यामुळे पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांची माणसं दिसतात, आणि त्या रेघा छान उकळत असतात.

पुढे विन्सर मॅके. त्याची 'गर्टी' नावाची डायनोसॉर १९१४ ची. डायनोसॉर मॅकेने स्वतः काढली. पण मागचे दगड, तळं आणि झाड? ते प्रत्येक कागदावर नव्याने गिरवायला त्याने एक मदतनीस ठेवला होता, जॉन फिट्झसिमन्स. हजारो कागद, आणि प्रत्येकावर तेच दगड, तेच तळं. कोडिंगमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम आठवा आणि त्याला हजारांनी गुणा. आज ती फिल्म बघितली तर गर्टीइतकेच दगडही जिवंत वाटतात, कारण तेही थरथरतात. त्या थरथरीत फिट्झसिमन्सचा हात आहे. शब्दशः.

त्याच वर्षी अर्ल हर्डने पारदर्शक सेल्युलॉइडच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी की न हलणारा भाग एकदाच काढायचा आणि हलणारा भाग पारदर्शक पत्र्यावर काढून त्यावर ठेवायचा. एका झटक्यात दगड स्थिर झाले. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅशिंग आलं. जे बदलत नाही ते पुन्हा काढू नका. हा शोध लागला तो सौंदर्यासाठी नाही, मजुरी वाचवण्यासाठी. थरथर गेली कारण थरथरणाऱ्या हाताचा पगार वाचला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर कित्येक वर्षं 'चांगलं' ॲनिमेशन म्हणजे स्थिर, स्वच्छ रेघ. आपल्याकडेही तेच शिक्षण आलं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली सुरू झाला, तेव्हा शिकवायला डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स आले. राम मोहन (निधन २०१९) तिथेच तयार झाले.

पण आपली सुरुवात त्याहून जुनी आहे आणि ती जामसरपासून फार लांब नाही. जव्हारहून मोखाड्यामार्गे पुढे गेलं की त्र्यंबकेश्वर लागतं. दादासाहेब फाळके तिथले, जन्म १८७०. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. रोज थोडं थोडं चित्रण करायचं आणि मग सलग दाखवायचं. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडेपेटीतल्या काड्या एकेक करून सरकवायच्या आणि दरवेळी एक चित्र घ्यायचं. ती फिल्म आज उपलब्ध नाही. पण विचार करा, बोटांनी सरकवलेली काडी प्रत्येक फ्रेममध्ये केसभर इकडेतिकडे होणारच. म्हणजे आपल्या पहिल्या ॲनिमेशनलाही उकळी असणारच.

मग हा दोष परत कधी आला? हळूहळू, आणि बहुतेक वेळा पैसे नव्हते म्हणून. १९७४ साली ब्रिटनमध्ये बॉब गॉडफ्रेने 'रूबार्ब' ही मुलांची मालिका सेलऐवजी कागदावर मार्कर पेनांनी केली. रंगसुद्धा थरथरतात आणि मुलांना तेच आवडलं. १९९५ मध्ये अमेरिकेत 'डॉक्टर कॅट्झ' आली. तिच्यात पात्रं सोफ्यावर बसून नुसती बोलतात. चालणं-फिरणं काढायला खर्च येतो, म्हणून एकाच चित्राच्या चार-पाच किंचित वेगळ्या प्रती गोल फिरवत ठेवायच्या. माणूस जागचा हलत नाही, पण कडा वळवळत राहते. टॉम स्नायडरने या तंत्राला 'स्क्विगलव्हिजन' असं नाव दिलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. म्हणजे एक पेटंट थरथर घालवण्याचं आणि ऐंशी वर्षांनी दुसरं ती परत आणण्याचं :-)

आता कॉम्प्युटर. केन पर्लिनने 'ट्रॉन' (१९८२) या सिनेमासाठी काम केलं होतं. कॉम्प्युटरची चित्रं फारच यांत्रिक दिसतात, हे त्याला खटकलं. म्हणून त्याने अशी यादृच्छिकता तयार केली जी टीव्हीवरच्या मुंग्यांसारखी खरखरीत नसून ढगासारखी मऊ असते. १९८५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये त्याला त्यासाठी तांत्रिक ऑस्कर मिळालं. हाच 'पर्लिन नॉइज' आज तुमच्या ब्राउझरमध्ये बसलेला आहे. एसव्हीजी फिल्टरमधलं 'टर्ब्युलन्स' म्हणजे तोच. त्याच्या शेजारी 'डिस्प्लेसमेंट मॅप' नावाचा दुसरा फिल्टर असतो. पहिला ढग तयार करतो, दुसरा त्या ढगाप्रमाणे अक्षराचे पिक्सेल इकडेतिकडे ढकलतो. टर्ब्युलन्सला 'सीड' म्हणून एक आकडा द्यावा लागतो. तो बदलला की ढग बदलतो, ढग बदलला की रेघ बदलते. चार-पाच आकडे आलटूनपालटून देत राहा, उकळी तयार. मात्र सेकंदाला आठ-दहा वेळाच बदला. साठ वेळा बदललात तर तो हात वाटत नाही, लूज कनेक्शन वाटतं.

इथपर्यंत इंग्रजीत सगळं सोपं आहे. मराठीत खरी गंमत सुरू होते.

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, त्यामुळे इंटरनेटवर मिळणारे बरेच तयार तुकडे प्रत्येक अक्षर वेगळं करून हलवतात. 'भाताची गोष्ट' त्यात टाकून बघा. कॉम्प्युटरच्या लेखी मधली मोकळी जागा धरून ही १२ चिन्हं आहेत. तुमच्या-माझ्या डोळ्यांना अक्षरं दिसतात पाच: भा, ता, ची, गो, ष्ट. बारा तुकडे केले की काना एकीकडे, 'भ' दुसरीकडे. 'ष्ट' फुटून पाय मोडलेला 'ष्' आणि वेगळा 'ट' उरतो. ऱ्हस्व वेलांटीची तर वेगळीच तऱ्हा. ती साठवली जाते व्यंजनाच्या नंतर आणि दिसते आधी. त्यामुळे एकेक चिन्ह टाइप होत असल्याचा इफेक्ट दिला की 'वि' लिहिताना आधी 'व' येतो आणि मग त्याला बाजूला सारून वेलांटी घुसते.

बरं, अक्षरं नीट पाच केली तरी सुटका नाही, कारण शिरोरेषा. देवनागरी अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. कपडे वाऱ्याने हलले तर चालेल, पण प्रत्येक कपड्याबरोबर दोरीचा तेवढाच तुकडा हलायला लागला तर काय राहिलं? म्हणून मराठीत अक्षर हलवायचं नाही, अख्खा शब्द हलवायचा. एकच ढग संपूर्ण शब्दावर ठेवला की शिरोरेषा लाटेसारखी वाकते पण तुटत नाही.

आणि तरीही एक खड्डा राहतोच. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीचा आहे. थरथर जरा जास्त ठेवली की फट बुजते. 'भाताची गोष्ट'ची 'माताची गोष्ट' होते, 'धर'चं 'घर' होतं. म्हणजे रेघेने किती उकळायचं याला देवनागरीत एक कमाल मर्यादा आहे आणि ती 'भ'च्या डोक्यावरच्या फटीइतकी आहे. इंग्रजीतून तयार आकडा उचलून चालणार नाही.

शिरोरेषेवरून मोडी आठवली. आपण शाळेत शब्द लिहून मग वर रेघ मारायला शिकलो. मोडी लिहिणारे उलट करायचे. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं धावत न्यायची. ही धावणारी अक्षरं शिशाच्या खिळ्यांत बसवणं अवघड होतं. छापखान्यात बाळबोध टिकली, मोडी मागे पडली. मधल्या काळात शिळाछापाने हाताला थोडी जागा दिली होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावर. त्यात खिळे नसतात, लेखनिकाने लिहिलेलं अक्षर दगडावरून जसंच्या तसं कागदावर उतरतं. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती थेट २०१४ साली. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' फाँट मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तो केला होता र. कृ. जोशींनी (निधन २००८), जे मुळात हाताने लिहिणारे थोर सुलेखनकार. पडद्यावर मराठी आली याचा आनंद मोठाच होता. पण हाताने लिहिलेल्या दोन 'भ'मध्ये जो फरक असतो तो फाँटमध्ये असू शकत नाही. तिथे एकच 'भ' आहे आणि त्याच्या अनंत प्रती.

हे सगळं डोक्यात घेऊन मे महिन्यात जामसरला गेलो. मित्र मला जवळच्या पाड्यावर एका लग्नघरी घेऊन गेला. कारवीच्या कुडाची भिंत, शेणामातीने सारवून त्यावर गेरू दिलेला. सवाशिणी तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी घेऊन बसल्या होत्या. समोर चौक तयार होत होता. मधोमध पालघाट देवी, भोवती चौकटीच्या नक्षीवर नक्षी. पिठाची रेघ ओली असताना फिकट दिसते आणि वाळली की पांढरी होते. म्हणजे आत्ता मारलेली रेघ नेमकी कशी आली हे थोड्या वेळाने कळतं. तोपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

मी मित्राला हळूच विचारलं, "हा चौक काढायला किती वेळ लागतो?"

तो म्हणाला, "काढत नाहीत रे. चौक लिहितात."

वारली बोलीत चौक लिहितात. ज्या लोकांना आपण वर्षानुवर्षं 'लिपी नसलेले' म्हणत आलो, त्यांच्याकडे भिंतीवर हात चालवण्याला शब्द 'लिहिणं' हाच आहे.

आणि हा चौक जपून ठेवत नाहीत. तो त्या लग्नापुरता. पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी, दुसऱ्या भिंतीवर, पुन्हा पहिल्यापासून. छाप नाही, स्टेन्सिल नाही. आकृती तीच, रेघ दरवेळी केसभर वेगळी. ॲनिमेशनच्या डोक्याने बघितलं तर प्रत्येक लग्न ही एक फ्रेम आहे. फक्त दोन फ्रेममध्ये एक-दोन महिने जातात आणि फिल्म कित्येक पिढ्या चालू आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि ही चित्रं कागदावर आणि कापडावर आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोहोचले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन. बायकांनी लग्नात लिहायचं ते पुरुष विक्रीसाठी काढू लागले. घरात पैसा आला, नाव आलं. वाईट काय त्यात? काहीच नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

पण त्याच काळात वारली आकृत्या क्लिपआर्टमध्येही गेल्या. दोन त्रिकोण, एक गोल, चार रेघा. एक माणूस बनवायचा आणि कॉपी-पेस्ट. कुठल्याही ऑफिसच्या भिंतीवर तारप्याचा नाच बघा आणि नाचणारे नीट मोजा. वीसच्या वीस जण एकच माणूस असतो. खऱ्या चित्रात प्रत्येकाची कंबर वेगळी वाकलेली असते, कारण प्रत्येक जण वेगळा लिहिलेला असतो. त्या कॉपी-पेस्ट नाचावर आता कोणी थरथरता फिल्टर लावला तर? वीसही जण एकसारखे थरथरतील. हाताचा आभास पुरेपूर, आणि हात कुणाचाच नाही.

हा मुद्दा फक्त कलेचा नाही, पोटाचा आहे. आपल्या लहानपणी दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, ट्रकच्या मागच्या ओळी पेंटर लिहायचे. नाटकांच्या जाहिरातीत कमल शेडगे (निधन २०२०) नाटकाचं नाव असं लिहायचे की अक्षरांवरूनच नाटक कळावं. मग फ्लेक्स आला. पाटी एका दिवसात आणि स्वस्तात मिळू लागली. गावोगावचे पेंटर ब्रश ठेवून दुसऱ्या कामाला लागले. आणि आता आपण, म्हणजे शहरातले लोक, 'हँडमेड फील' पाहिजे म्हणून प्रोसेसरला खोटी थरथर करायला लावतो. १९१४ साली हाताचा पगार वाचवायला थरथर काढली. आज थरथर परत आणली, पण पगार परत आणलेला नाही.

शिवाय ही खोटी थरथर ओळखू येते, त्याला तांत्रिक कारण आहे. पर्लिनचा ढग सगळीकडे सारखा असतो. हात सारखा नसतो. हात रेघेच्या सुरुवातीला अडखळतो, वळणावर मंदावतो, काडी पिठात बुडवून आणली की रेघ जाड होते आणि पुढे बारीक होत जाते. शिरोरेषा सगळ्यात शेवटी आणि बेधडक मारली जाते, त्यामुळे ती सगळ्यात कमी थरथरते. लिहिणाऱ्याने कुठून सुरुवात केली, कुठे दमला, हे सगळं त्या थरथरीत नोंदलेलं असतं. फिल्टरला यातलं काही माहीत नसतं.

मग 'भाताची गोष्ट'चं काय केलं? हिशोब केला. तीन सेकंदांचं टायटल, सेकंदाला आठ चित्रं, म्हणजे २४. पण उकळीसाठी २४ चित्रं लागतच नाहीत, स्क्विगलव्हिजनसारखी चार पुरतात. चारच कागद! म्हटलं, यासाठी फिल्टर कशाला? खिडकीच्या काचेवर कागद चिकटवायचा, बाहेरचं ऊन हाच दिवा. त्यावर दुसरा कागद ठेवून तेच नाव पुन्हा लिहायचं. चार वेळा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर ठेवून चार फोटो काढायचे आणि गोल फिरवायचे. रंग उलटे केले की गेरूवरच्या पिठासारखी पांढरी अक्षरं मिळतात. एमिल कोलने १९०८ मध्ये हेच केलं होतं.

चार कागद चार मुलांनी लिहिले. एकाचा 'भ' पोटात मोठा, एकीची शिरोरेषा उजवीकडे चढलेली. त्यामुळे थरथर जरा जास्तच झाली, पण चौघांनीही फट सोडली होती. 'भ' कुठेही 'म' झाला नाही. मी फक्त वेळ जुळवून दिला आणि तीन सेकंदांनंतर अक्षरं स्थिर केली. हलता मजकूर पाच सेकंदांपेक्षा जास्त चालू राहणार असेल तर तो थांबवायची सोय हवी, असा वेबचा सर्वमान्य संकेत आहे आणि तो योग्य आहे. थरथरत्या अक्षरांनी काही जणांना खरोखर गरगरतं.

फिल्टर वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मी तो ऑफिसात वापरतो, यापुढेही वापरीन. पण चार कागदांत भागणारं काम असेल आणि जवळपास कोणी लिहिणारं असेल, तर आधी त्याला विचारावं. आणि तो लिहिण्यावर पोट भरणारा असेल, तर कागद मोजून पैसे द्यावेत.